ऑटोमॅटिकमधली गिअरची हौस

खडवलीत भाजीचे क्रेट नाहीतर पेंढा वाहणाऱ्या पिकअपचा चालक दिवसभर क्लच दाबून गिअर टाकतो. त्याला कुणी कौशल्य म्हणत नाही. गिअरची कटकट नको म्हणून जादा पैसे मोजून २०२२ साली भारतात आलेल्या हायलक्स पिकअपचं ऑटोमॅटिक मॉडेल घ्यायचं आणि मग दांडा हाताने गिअर बदलायच्या प्लस-मायनसकडे सरकवून तीच कटकट ओढवून घ्यायची, याला मात्र ‘कंट्रोल’ म्हणतात. रविवारी भातसा नदीकडे निघालेल्या गर्दीच्या कोंडीत, ताशी १०च्या वेगाने, दुसऱ्यावरून पहिल्यावर येऊन नेमकं काय ताब्यात येतं, हे त्या नदीलाच ठाऊक.

यावर घाटाचा मुद्दा हमखास निघतो, आणि तो खरा आहे. कसारा घाट उतरताना खालचा गिअर धरला की इंजिनच गाडीला आवर घालतं आणि ब्रेक तापून दगा देत नाहीत. हौद्यात माल असेल तर हे हवंच. पण तिथे गिअर लावून गप्प बसायचं असतं, सतार छेडायची नसते. शिवाय हुकूम आपलाच चालतो असंही नाही. इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जाणार असतील तर कॉम्प्युटर खालचा गिअर टाकायला साफ नकार देतो. काही गाड्यांत तर पडद्यावरचा ४ म्हणजे चौथा गिअर नव्हे, चौथ्यापर्यंत जायची परवानगी. मालक ४चा आकडा मिरवत असतो आणि गाडी खुशाल दुसऱ्यात चाललेली असते.