अण्णा, इथले साप सांगून येतात

आल्बुकर्क, रविवार

ती. आई-अण्णा,

पार्सल पोचलं. टपालाला जेवढे पैसे लागले तेवढ्यांत धारूरच्या बाजारात एक शेळी आली असती, पण शेंगाची चटणी दोन दिवसांत संपली. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत लिहिते.

अण्णा, वाळवंटात लेकरांना कशाला नेलं म्हणून फोनवर रागावलात. पाणी दोन कॅन नेलं होतं. आणि इथला साप बहुतेकदा शेपटीचा खुळखुळा वाजवून सांगून येतो. आपल्याकडच्या पाहुण्यांपेक्षा बराच म्हणायचा.

आम्ही गेलो तिथं, गावाला लागूनच, काळ्या दगडाचा सत्तावीस किलोमीटरचा कडा आहे. थेट आपल्या किल्ल्याखालचा कातळ! त्यावर पक्षी, साप, मुखवटे अशी सुमारे 24,000 चित्रं, बरीचशी प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांनी कोरलेली. बहुतेक चारशे ते सातशे वर्षांची. दगडावरची काळी साय टोचून काढली की आतला फिकट रंग दिसतो, तेच चित्र. त्या लोकांना ही जागा देवस्थानासारखी.

म्हणून मी सवयीनं नमस्काराला हात पुढं केला, तर पिंट्या ओरडला, “मम्मी, टच नको!” हाताच्या तेलानं ती साय खराब होते म्हणे. पायवाट सोडायची नाही, खडा उचलायचा नाही. ह्यांनी शेंगा खाल्ल्या, तर पिंट्यानं बापाकडून टरफलं वेचून खिशात भरून घेतली. ती काल वॉशिंग मशीनमध्ये निघाली. देवाच्या पाया पडायचं नाही, असली कसली यात्रा?

बाळ्याचं जमलं हे वाचून आनंद झाला. नववीत त्यानं किल्ल्याच्या बुरुजावर बाण मारलेला बदाम कोरलाय. इथं असता तर दंड, वेळ पडली तर तुरुंगही. बदामातलं नाव नव्या वहिनीचं नाही, तेव्हा जोडीनं किल्ला दाखवायला नेऊ नका.

तिसरी शिट्टी झाली. गॅस बंद करून आले.

त्या कड्यावर एका दगडावर नुसता पंजा कोरलाय. कुणाचा, कोण जाणे. मी आपला हात न टेकवता समोर धरून बघितला. मग ह्यांना म्हणलं, ऊन लागलंय, चला.

आई, लग्नासाठी घराला रंग देताय ना? आत्याच्या हळदीत मी माजघरात दाराआड पंजा उमटवला होता, मार खाल्ला होता बघ. रंगाऱ्याला सांग, तेवढी हातभर भिंत सोड म्हणावं. आणि कुणी हात लावायचा नाही.

तुमची,
बेबी