तारीख शिल्लक, पण कस?

एप्रिल-मेमध्ये शिरूर-दौंडचा पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत, बंद गाडीत, कुरिअरच्या टेम्पोत तर त्याहून जास्त. त्यातूनच व्हिटॅमिनच्या गमीची बरणी घरी येते. झाकण काढावं तर आत सगळा एकच गोळा. मग एक्स्पायरी बघायची, 'अजून वर्ष बाकी आहे' म्हणायचं आणि सुरीने तुकडे पाडून पोरांच्या हातावर ठेवायचे. हे आता बंद करा.

एक्स्पायरीची तारीख अटीवर दिलेली असते: थंड, कोरड्या जागी, उन्हापासून दूर. अट मोडली की तारखेचा भरवसा संपला. बऱ्याच गमीत जिलेटिन असतं आणि ते अंगाच्या उष्णतेच्या आसपासच विरघळू लागतं. पेक्टिनची गमी उष्णतेत जास्त टिकते, पण आतलं क जीवनसत्त्व उष्णता, ओल आणि उजेडाने झिजतच राहतं. गोळ्याचे तुकडे पाडले की एका घासात किती मात्रा गेली, याचा हिशेबही राहत नाही.

दौंड तालुका गुऱ्हाळांचा. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाणी सुटलं की ती खराब व्हायला लागली, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. गमीकडेही त्याच नजरेने बघा. चिकट ओल, काळपट किंवा तपकिरी रंग, आंबूस वास, बुरशीचा ठिपका, दगडासारखा कडकपणा, यातलं काहीही दिसलं तर बरणी टाका. पण दिसायला चांगली म्हणजे कस शाबूत, असं मात्र नाही. जीवनसत्त्व गेलेलं डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वर्षाची मोठी बरणी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. महिन्या-दोन महिन्यांत संपेल एवढीच घ्या.

ठेवायची कुठे? घरातल्या सर्वांत गार खोलीतल्या कपाटात. गॅसजवळ, खिडकीत, फ्रिजच्या डोक्यावर नको. लेबलवर सांगितलं नसेल तर फ्रिजमध्येही नको. आत-बाहेर करताना ओल धरते. ओला हात घालू नका, आतली सिलिका जेलची पुडी काढू नका आणि खाऊच्या डब्यात ओतू नका, कारण तारीख आणि बॅच नंबर मूळ बरणीवरच राहतो. शिवाय पोरं तो खाऊच समजतात. लोह असलेल्या गमी मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. तसं झालंच तर वाट न बघता, बरणी बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

मेडिकलवाल्यांनो, उन्हाच्या काचेतली बरण्यांची रांग आजच आत घ्या. गिऱ्हाइकांनो, वितळलेला माल आला तर फोटो काढून परत करा. दाद लागली नाही तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार द्या.

आणि कंपन्यांनो, लेबलचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा, असं अन्नपदार्थांच्या लेबलिंगचे २०२० चे नियम सांगतात. सोबत आणखी एक भाषा छापायला ते मनाई करत नाहीत. शिरूर-दौंडच्या घरात माल विकता, तर तो कसा ठेवायचा ही एक ओळ मराठीत, ठळक अक्षरांत छापा. ती वाचता आली तरच पाळता येईल.