पारो, चंद्रमुखी आणि मी

आमच्या अँटॉप हिलच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दर महिन्याला कुणी ना कुणी बोलतं. गुडघे झाले, मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं, आणि आता आपला नंबर जवळ आला असं सगळ्यांनाच वाटायला लागलं तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या खेपेला प्रेमावर काहीतरी ठेवू या. "मी बोलतो" असा आवाज आला, म्हणून हा कोण उत्साही गडी ते बघायला मी मागे वळलो. मागे भिंत होती.

विषय ठरला 'कादंबरीतलं प्रेम आणि पडद्यावरचं प्रेम'. दोन्हीकडचा माझा अनुभव दांडगा. शाळेत असताना ग्रंथसंग्रहालयात जातो असं घरी सांगून मी नायगावला जायचो आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या लगतच्या शारदा टॉकीजमध्ये शिरायचो. माझ्या साहित्यप्रेमाचा पाया हा असा भरलेला आहे.

तयारी म्हणून जुन्या प्रेमकथा पुन्हा वाचायला काढल्या. आरंभ ना. सी. फडक्यांपासून. आता मोनोरेलच्या नकाशात अँटॉप हिलला खेटून स्थानक आहे आचार्य अत्रे नगर, आणि ज्या अत्र्यांनी फडक्यांची जन्मभर टर उडवली त्यांच्या शेजारात बसून 'दौलत' उघडायची म्हणजे छातीच पाहिजे. 1929 सालची कादंबरी. कॉलेजात असताना फडक्यांचा तो देखणा, टापटिपीचा, पोटापाण्याच्या विवंचनेनं फारसा न गांजलेला नायक मला थेट माझ्यासारखा वाटायचा. या वेळी मात्र पानोपानी एकच विचार, जावई म्हणून हा कसा पडेल?

मग काकोडकर. चंद्रकांत काकोडकरांवर दिवाळी अंकातल्या 'शामा' या कथेपायी अश्लीलतेचा खटला झाला, तो पार सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1969 साली कथा अश्लील नाही असा निकाल लागला. त्याच साली त्यांच्या 'नीलांबरी'वरून राज खोसलांनी काढलेला 'दो रास्ते' आला. तो बघायला वडील आम्हा सगळ्या भावंडांना नवे कपडे घालून घेऊन गेले, मध्यंतरात वेफर्स दिले, आणि पुढे काही वर्षांनी त्याच काकोडकरांचं एक पुस्तक माझ्या गादीखाली सापडलं तेव्हा त्याच वडिलांनी माझा कान पिळून लाल केला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आमच्या घरी लागू नव्हता. यंदाही सवयीनं मी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. बायको म्हणाली, "अहो, उघडं वाचा की. या वयात तुमच्याकडे कोण बघतंय?" कान पिळलेला परवडला.

'स्वामी'नं तर माझी पार वाट लावली. रणजित देसाईंनी ती 1962 साली लिहिली, तेव्हा टीव्ही नव्हता हे मला कळतं. पण ऐंशीच्या दशकात गजानन जागीरदारांची मालिका दूरदर्शनवर लागली आणि तेव्हापासून थेऊरला माधवराव खोकतात ते रवींद्र मंकणींच्याच आवाजात. रमाबाई म्हटलं की मृणाल देव. देसाईंच्या वर्णनाप्रमाणे दुसरं कुणी डोळ्यांसमोर आणायचा मी फार प्रयत्न केला, तर माधवरावांच्या जागी आमचे सेक्रेटरी आले. ग्रंथालयाची प्रत जुनी, कण्याला सेलोटेप, आणि शेवटाजवळच्या एका पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं, 'रडू नका, पुढे आणखी आहे.' मी दोन्हीकडे रडलो. बायकोनं चष्म्यावरून पाहिलं आणि विळी न् कांदे पुढ्यात सरकवले. एवीतेवी डोळे वाहतायत, तर वाया कशाला घालवायचे.

मृणाल देव ही गो. नी. दांडेकरांची नात, म्हणून त्याच झपाट्यात त्यांची 'जैत रे जैत' घेतली. जब्बार पटेलांच्या 1977 सालच्या सिनेमात महानोरांची गाणी, हृदयनाथांचं संगीत आणि स्मिता पाटील. छापील पानातून ढोल वाजत नाही हो! न राहवून मीच स्टीलच्या परातीवर ठेका धरला. खालच्या मजल्यावरून फोन आला, "काही पडलं का?"

एवढं सगळं झाल्यावर 'देवदास' वाचायला वेळ उरला नाही. पण 'देवदास' काय, तो तर तोंडपाठ! मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांना मराठीत आणून ठेवलं ते आमच्यासारख्यांसाठीच. भाषण रंगात आलं. पारो आणि चंद्रमुखी समोरासमोर येतात, एकमेकींचं दुःख ओळखतात, सवतीमत्सर गळून पडतो, आणि स्त्रीमनाचा असा ठाव फक्त शरदबाबूंची लेखणीच घेऊ जाणे, असं मी डोळे मिटून सांगितलं. टाळ्या पडल्या. मग शेजारच्या इमारतीतल्या, मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाई उठल्या.

"ही भेट कितव्या प्रकरणात आहे हो?"

"शेवटच्या."

"शेवटच्या प्रकरणात देवदास बैलगाडीत असतो."

"मग त्याच्या आधीच्या."

बाईंनी अख्खी शाळा हाताळलेली. त्यांनी शांतपणे सांगितलं की 1917 सालच्या त्या पुस्तकात शरदबाबूंनी या दोघींची गाठ कधी घालूनच दिलेली नाही. बिमल रॉयनी 1955 साली त्यांना रस्त्यात एकमेकींसमोरून नुसतं, एक शब्द न बोलता जाऊ दिलं, आणि 2002 साली भन्साळींनी दोघींना एकत्र नाचवलं. म्हणजे शरदबाबूंच्या लेखणीतून उतरलेलं जे स्त्रीमन मी वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलो, ते ऐश्वर्या राय आणि माधुरी दीक्षितचं होतं. पहिल्या रांगेत बायको पदराआड खोकत होती, अगदी थेऊरच्या माधवरावांसारखी.

सेक्रेटरींनी 'सिनेमांची ओघवत्या शैलीत माहिती दिल्याबद्दल' आभार मानले. चहाच्या वेळी बाईंनी पिशवीतून आपला 'देवदास' काढून माझ्या हातात दिला. "फार लहान आहे," त्या म्हणाल्या, "जमेल तुम्हाला." परत करायची तारीख त्यांनी आतल्या पानावर स्वतःच लिहून ठेवली होती. लाल शाईनं.