हायब्रिड गाडी चिखलात घालण्याची सोपी पद्धत

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. ज्यांनी हायब्रिड एसयूव्ही घेतली ती ॲव्हरेजसाठी, शोरूममध्ये विचारलेला पहिला प्रश्नही ॲव्हरेजचाच होता, पण जाहिरातीत तसलीच गाडी ओढ्याचं पाणी उडवत डोंगर चढताना पाहिल्यापासून ज्यांना सोसायटीचं पार्किंग अपुरं वाटू लागलं आहे, अशांसाठी. उदाहरणाला टोयोटाची हायरायडर किंवा मारुतीची ग्रँड विटारा धरू. दोघी २०२२ साली बाजारात आल्या, नावं वेगळी असली तरी आतून सख्ख्या बहिणी आहेत, आणि पुण्या-नाशकाच्या रस्त्यांवर त्या पुरेशा दिसतात.

पूर्वतयारी

मागच्या काचेवर सह्याद्रीची रांग आणि खाली 'भटकंती' असा स्टिकर लावा. टपावर कॅरिअर बसवा. त्यावर काही ठेवायचं नसतं. गाडीखाली मात्र वाकून पाहू नका. पुढच्या बंपरखालची चंदेरी पट्टी दगडांपासून वाचवणारं कवच वाटते, ती प्लॅस्टिकची आहे हे कळलं तर उत्साह मावळेल. ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर, हे वाक्य दिवसातून एकदा कुणालातरी ऐकवा. गाडीत साडू, त्यांची दोन मुलं, पाण्याचा वीस लिटरचा कॅन आणि वड्यांचा डबा चढला की त्यातले किती उरतात, हे मोजत बसू नका.

सरकारदरबारी तर ही एसयूव्ही म्हणायलाही जरा कमीच पडली. डिसेंबर २०२२ मध्ये जीएसटी परिषदेने चढा उपकर लावण्यासाठी एसयूव्हीच्या अटी स्पष्ट केल्या: लोक तिला एसयूव्ही म्हणत असावेत, लांबी चार मीटरहून जास्त, ग्राउंड क्लिअरन्स किमान १७० मिलिमीटर आणि इंजिन १५०० सीसीहून मोठं. आपल्या हायब्रिडचं इंजिन १४९० सीसीचं. तीन अटींत पास, चौथीत दहा-अकरा सीसींनी नापास. या नापासीबद्दल तक्रार नको.

शेवटची तयारी म्हणजे गाडीबरोबर आलेली पुस्तिका. ती ग्लोव्ह बॉक्समध्ये पिशवीतच राहू द्या. पुढे जे जे घडणार आहे ते जवळपास सगळं तिच्यात लिहिलेलं आहे, आणि आधी वाचलं की मजा जाते.

वाट निवडणे

जून संपता संपता निघा. भंडारदऱ्याच्या मागे, वेल्ह्याच्या पलीकडे, भोरकडून वरंधा घाटाच्या बाजूला वळणारे कितीतरी फाटे आहेत. (वरंधा पावसाळ्यात अनेकदा बंद ठेवतात. तो फलक दिसला की बाजूची वाट धरायची, हे नवशिक्याला सांगावं लागत नाही.) डांबर संपलं की गाडी थांबवून पहिला फोटो काढा. फोटो चालू असताना शेजारून चौदा माणसं आणि एक बोकड घेऊन वडाप निघून जाईल, तिचा ड्रायव्हर एका हाताने मोबाइलवर बोलत असेल. मागोमाग मुक्कामी एसटी येईल. या दोन्ही गाड्या फोटोत येऊ देऊ नका, मोहिमेचं गांभीर्य जातं.

काही वाटा मात्र सोडाव्यात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात काजव्यांच्या दिवसांत हेडलाइट पेटवून गाड्यांची रांग लावणाऱ्यांना विनोदी मार्गदर्शन करण्याची या लेखकाची इच्छा नाही. काजवे एकमेकांना शोधतात ते स्वतःच्या उजेडावर. तुमच्या हाय बीममध्ये तो दिसत नाही. कोकणातल्या पुळणीवर गाडी घालणाऱ्यांचंही तेच. तिथे भरती वेळापत्रकाने येते आणि क्रेन येत नाही.

गाडीत काय आहे, काय नाही

हायब्रिड म्हणजे दोन इंजिनं, दोन इंजिनं म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह, हे गणित घरी सगळ्यांना पटवून द्या. वस्तुस्थिती अशी की इंजिन आणि मोटर मिळून होणारी ११६ पीएसची सगळी ताकद पुढच्या दोन चाकांनाच जाते. चारही चाकांना जोर देणारी आवृत्ती याच नावांनी मिळते, पण ती माइल्ड हायब्रिड. जाहिरातीतला लिटरला २७.९७ किलोमीटरचा आकडा तिचा नाही. म्हणजे शोरूममध्ये तुम्हाला ॲव्हरेज आणि चिखल यांतलं एक निवडायला सांगितलं होतं. तुम्ही ॲव्हरेज निवडलंत, शहाणपणाच केलात. आता त्यावर पाणी कसं सोडायचं ते पाहू.

फोर व्हील ड्राइव्ह थारमध्ये किंवा जिम्नीत गिअरच्या शेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. तो ओढला की गाडी मुंगीच्या चालीने, पण पूर्ण जोराने चढते. तुमच्याकडे तो नाही. तुमच्याकडे काय आहे, तर विजेची मोटर, जी पहिल्या फेऱ्यापासून १४१ न्यूटन-मीटरचा जोर देते. इथे थट्टा बाजूला ठेवून मान्य करायला हवं की दगडधोंड्यांच्या गाडीवाटेवर, माणसाच्या चालीने, ही गाडी क्लचवाल्या गाडीपेक्षा सुखाची आहे. क्लच जळण्याचा वास नाही, हिसके नाहीत, आवाज नाही. बांधावरचा बगळासुद्धा उडत नाही. अडचण एवढीच की ही शांतता ज्या बॅटरीतून येते ती ०.७६ किलोवॅट-तासाची आहे. छोट्या इलेक्ट्रिक गाडीतही वीस-पंचवीसची असते. त्यामुळे पहिल्या खऱ्या चढावर शांतता संपते आणि तीन सिलिंडरचं इंजिन बोंब ठोकतं. ड्रायव्हरने काहीच केलेलं नसताना इंजिन ओरडतं, याला घाबरू नये. त्याला बॅटरीही भरायची आहे आणि साडूंनाही वर न्यायचं आहे.

चढावर थांबावं लागलं तर ब्रेक लावू नका, ॲक्सिलरेटर हलकेच दाबून गाडी तोलून धरा. ड्रायव्हिंग येतं हे दाखवायची हीच जागा. अशा वेळी मोटर फिरत नसते, तिच्यातून वीज मात्र जात असते, आणि तिची सगळी उष्णता होते. थोड्याच वेळात डॅशबोर्डवर इशारा येईल आणि गाडी स्वतःच विश्रांती सुचवेल. पुस्तिकेत हे करू नका म्हणून स्पष्ट लिहिलं आहे, पण ती पिशवीत आहे.

आता रिव्हर्स. या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये रिव्हर्सचा गिअरच नाही. गाडी मागे जाते ती मोटर उलटी फिरवून. इंजिनाचा जोर तिथे चाकांपर्यंत पोचत नाही. सोसायटीच्या रॅम्पवर हे कधी कळत नाही. कळतं ते ओल्या उतारावर पुढे ओढा दिसल्यानंतर, बॅटरी तळाला आणि सगळे गाडीत बसलेले असताना, 'चला, मागे घेऊ' असं म्हटल्यावर.

उतार

उतारावर ही गाडी ब्रेकमधून वीज कमावते, हे प्रत्येक मालकाला पाठ असतं. घाटाच्या पहिल्या दोन वळणांत स्क्रीनवरचे हिरवे बाण सगळ्यांना दाखवा. तिसऱ्या-चौथ्या वळणाला ती चिमुकली बॅटरी भरते आणि कमाई थांबते. मग गाडी इंजिन नुसतंच फिरवून वेग रोखते, त्याचा आवाज घाट चढताना येतो तेवढाच उतरताना येतो. लिव्हरवर 'बी' असं एक अक्षर आहे. ते बूस्टचं नाही. लांब उतारावर इंजिनाने गाडी रोखण्यासाठी ते आहे. ज्यांनी कधीच वापरलं नाही त्यांच्या ब्रेकला ताम्हिणीच्या पायथ्याशी वास येतो.

पाणी

ओढ्यापाशी उतरून काठीने खोली बघणं नवशिक्याला शोभत नाही. पलीकडे उभ्या माणसाला ओरडून विचारा. तो 'जातंय की!' म्हणेल. त्याच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टर आहे.

चालत्या इंजिनाने पाणी आत ओढलं तर सिलिंडरमध्ये ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे कुठल्याही गाडीचं. हायब्रिडची खासियत अशी की इंजिन कधी चालू करायचं हे ती तुम्हाला विचारत नाही. ओढ्याच्या मधोमध तिला वाटलं, की चालू. बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्यासाठी बटण दाबत राहणं हा शेवटचा उपाय, म्हणजे त्यानंतर इंजिनासाठी दुसरा उपाय उरत नाही. पाण्याने मेलेलं इंजिन साध्या विमा पॉलिसीत बहुधा बसत नाही, त्यासाठी वेगळं कवच घ्यावं लागतं. 'बॅटरीचा शॉक बसेल' म्हणून सासूबाई खिडकीतून उतरायला निघाल्या तर त्यांना थांबवा. बॅटरी बंदिस्त असते आणि बिघाड जाणवला की यंत्रणा तिचं कनेक्शन आपोआप तोडते. बॉनेटखालच्या नारिंगी वायरींना मात्र हात लावायचा नाही, मेकॅनिक भाच्यानेही नाही.

रुतल्यावर

हा भाग मोठा आहे, कारण मुक्काम इथेच आहे.

चाक जागेवर फिरू लागलं की पाय आणखी दाबा, असं परंपरा सांगते. हायब्रिड ऐकत नाही. फिरणाऱ्या चाकाने मोटर खराब होऊ नये म्हणून ती ताकदच तोडते. तुम्ही पाय पूर्ण दाबलेला, गाडी शांत उभी, मुलं विचारतात, 'बाबा, बंद पडली का?' चिखलात ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून बघायचं असतं. टायरची हवा वीसच्या आसपास आणून, चाकांपुढे दगड-फांद्या घालून हळू निघायचं असतं. मात्र परत हवा भरायचा पंप तुम्ही कॅरिअरवर ठेवलेला नाही, कारण त्यावर काही ठेवायचं नसतं.

गावातली पोरं धक्का मारायला येतील. चिखलातून ढकलण्याला हरकत नाही, पण 'सेकंड टाका आणि क्लच सोडा' या सल्ल्याचा इथे उपयोग नाही. सेकंड नाही, क्लच नाही. बारा व्होल्टची साधी बॅटरी उतरली असेल तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी 'रेडी' होत नाही, आणि धक्क्याने तर कधीच नाही. दुसऱ्या गाडीवरून जम्प घ्यावा लागतो.

मग ट्रॅक्टर. साखळी बंपरला बांधू देऊ नका. बंपरवर एक छोटं चौकोनी झाकण आहे, त्यामागे टो-हुक स्क्रूसारखा बसवायचा असतो. हुक कुठे आहे हे पुस्तिकेत आहे. खड्ड्यातून चार हात ओढून घेणं ठीक. पण गाडी बंद असेल तर ट्रॅक्टरमागे तशीच तालुक्यापर्यंत न्यायची नाही. पुढची चाकं मोटरला कायम जोडलेली असतात. ती फिरली की मोटर वीज बनवू लागते आणि आतलं सगळं जळू शकतं. पुढची चाकं उचलून, नाहीतर सरळ सपाट ट्रेलरवर घालूनच न्या. ट्रेलरचा खर्च ऐकल्यावर ॲव्हरेजचा विषय घरात काही महिने निघणार नाही.

घरी आल्यावर गाडी बाहेरून धुऊन थांबू नका. बऱ्याच हायब्रिडमध्ये बॅटरी थंड करणारी हवा केबिनमधूनच घेतात. मागच्या सीटच्या आसपासची ती जाळी मातीने आणि वड्यांच्या कागदाने बंद झाली की बॅटरी तापते; जाळी काढून साफ करा.

आणि ट्रॅक्टरवाल्याला जे ठरलं ते तिथल्या तिथे द्या. तो रोपं लावायची सोडून आलेला असतो. वळताना तुमच्या चाकाने बांध फुटला असेल तर तो माती ओढून लावेपर्यंत थांबा, जमल्यास दोन घमेली तुम्हीही टाका, कारण खाचरातलं पाणी वाहून गेलं तर त्या घरची लावणी अडते. पैसे रोख न्या, तिथे रेंज नसते.