खाली मुंडी

आमच्याकडे दोन ससे आहेत. पांढरी बकुळा आणि करडा गुंड्या. गुंड्या नावापुरताच. घर चारकोपला, १९८५ साली जागतिक बँकेच्या मदतीने सुरू झालेल्या म्हाडाच्या योजनेतलं. २५ चौरस मीटरचा भूखंड, मधल्या चौकाला चिकटून बसलेली घरं, वरचा माळा ज्याने त्याने आपल्या हिमतीवर चढवलेला. एवढ्यात आम्ही चार माणसं भांडत नांदतो, तर दोन ससे का नांदणार नाहीत?

पहिल्याच संध्याकाळी बकुळाने गुंड्याच्या पुठ्ठ्याचे केस उपटले. टीव्हीवर, आमटीत, सगळीकडे कापूस. डॉक्टर म्हणाले, दोघांची नसबंदी करा, मग महिना-दीड महिना वेगळे ठेवा, तोवर अंगातली रग उतरेल. नंतरची भेट मात्र कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या जागेत घडवा.

चारकोपात कुणाच्याच मालकीची नसलेली जागा! इथे जिन्याखालच्या दोन फुटांसाठी तीन सर्वसाधारण सभा झाल्यात.

शेवटी बाथरूम ठरलं. रोज रात्री मी उलट्या बादलीवर पंच म्हणून बसे, हातात केरसुणी. आधी हातच मधे घातला होता. अंगठ्यावर दातांची खूण अजून आहे. बकुळा गुंड्याभोवती दोन फेऱ्या मारी आणि सरळ त्याच्या पाठीवर चढे. कधी तर घाईत उलटी, डोक्याच्या बाजूने. दारात डोकावलेल्या शेजारच्या काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अहो, ऑपरेशन केलं म्हणालात ना?"

"काकू, हे ते नव्हे. हे अध्यक्षपदाचं आहे."

काकूंना लगेच पटलं. सोसायटीच्या दोन निवडणुका त्यांनी जवळून पाहिल्यात.

आठवड्याभराने बकुळा गुंड्यासमोर आली आणि तिने हनुवटी लादीला टेकवली. कान मागे, डोळे अर्धे मिटलेले. गुंड्या तिचं कपाळ चाटू लागला. मी बायकोला हाक मारली, "बघ, नमली एकदाची!" तिच्या नम्रतेचं कौतुक मी महिनाभर गावभर केलं. डॉक्टरांकडेही केलं, तेव्हा ते हसत सुटले. सशांत डोकं खाली घालणारा सहसा मालक असतो. त्याचा अर्थ, 'चाट.' उशीर झाला की चिमटा बसतो.

म्हणजे खाली मुंडी, पाताळ धुंडी! डॉक्टरांचं म्हणणं, रक्त निघत नाही, केस उडत नाहीत, तोवर मधे पडू नका. नाहीतर निकाल लांबतो आणि दोघं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. आपण फक्त भांडणाची निमित्तं कमी करायची. म्हणून आता गवताचे ढीग दोन, पाण्याची भांडी दोन, मे महिन्यात टेकायला गोठवलेल्या बाटल्याही दोन. खोक्यालाही दोन दारं कापली, गुंड्या कोपऱ्यात सापडू नये म्हणून. बकुळा दोन्ही ढिगांवर आळीपाळीने बसते, हा भाग वेगळा.

तेव्हापासून सोसायटीत कुणी हात जोडून, मान तुकवून "मी तर आपला सेवक" म्हणत आलं, की मी सावध होतो. गेल्या वेळी अशाच एका नमस्कारानंतर पाण्याची टाकी मी घासली होती.

परवा रात्री घरात कुणी जागं नाही असं बघून मी बकुळासमोर पालथा झोपलो आणि कपाळ लादीला टेकवलं. बघू तर खरं. ती पुढे आली, नाक हलवलं. क्षणभर थांबली. मग तिनेही हनुवटी लादीला टेकवली. मी हललो नाही. तीही हलली नाही. पाच मिनिटं झाली, मान अवघडली.

दिवा लागला. बायको म्हणाली, "चाटा आता. नाहीतर चावेल."