तिसऱ्या पानावर उगवलेला कांदा

माननीय प्राध्यापक महोदय,


लासलगाव परिसरातल्या कांदाचाळींवरचा आपला शोधनिबंध परीक्षणासाठी आला. पहिलेच वाक्य, ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’, वाचून ऊर भरून आला. ही बातमी आम्हांला प्राथमिक शाळेपासून कळवली जात आहे. तरी दर वर्षी कोणीतरी ती नव्याने शोधून बढतीच्या फायलीला लावतो, ही चिकाटी थोर आहे.

पुढे आपण सिंधू संस्कृतीत शिरलात, तिथून हरितक्रांतीत आणि मग जागतिकीकरणात. कांदा उगवला तिसऱ्या पानावर, चाळ पाचव्यावर. चाळीतला कांदा सडतो का, हा मूळ प्रश्न तर थेट निष्कर्षात! रहस्यकथा लिहिणाऱ्यांनाही इतका संयम जमत नाही.

पूर्वसंशोधनाचा आढावाही लोभस आहे. अमुक यांनी अभ्यास केला, तमुक यांनीही अभ्यास केला. त्यांना काय सापडले आणि काय राहून गेले, हे विचारण्याचा आगाऊपणा आपण केला नाहीत. उलट त्या दोन पानी यादीखालीच ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही’ असे ठणकावून सांगितलेत.

नाहीतर ते उतावळे वॉटसन आणि क्रिक! १९५३ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकले की, आम्हांला डीएनएची एक रचना सुचवायची आहे. लगेच पुढे, पॉलिंग आणि कोरी यांची रचना का पटत नाही तेही सांगितले. सगळा मजकूर जेमतेम पानभर. आइन्स्टाइन त्यांच्याहून अधीर. १९०५च्या निबंधात तो आरंभालाच एक विसंगती दाखवतो: चुंबक हलवा की तारेचे वेटोळे हलवा, वाहणारी वीज तीच, मग सिद्धांत दोन वेगळी स्पष्टीकरणे का देतो? मानवी जीवनातील विजेचे महत्त्व त्याने सांगितलेच नाही. आपल्या छाननी समितीने त्याला तिथेच अडवले असते.

जॉन स्वेल्स नावाच्या भाषाभ्यासकाने १९९० मध्ये शोधनिबंधांच्या प्रस्तावनांची घडण मांडली: आधी क्षेत्र सांगायचे, मग त्यातली उणीव दाखवायची, मग ती आपण कशी भरणार ते सांगायचे. पैकी पहिल्या पायरीवर आपण बिऱ्हाडच थाटले आहे. क्षेत्र म्हणून अख्खा देश घेतल्यावर उणीव दिसणार तरी कुठे?

आता एक धाडसी विनंती. अकराव्या पानाच्या तळटीपेत आपण लिहिले आहे की, खालून हवा खेळणाऱ्या काही चाळींतही उन्हाळ कांदा भरपूर सडला आणि त्याचे कारण कोणी तपासलेले नाही. महोदय, आपला निबंध तिथे आहे! ती तळटीप उचलून पहिल्या परिच्छेदात आणा, खाली ‘ते कारण मी असे तपासले’ एवढे जोडा आणि सुरुवातीची चार पाने निःसंकोच काढून टाका. सुधारित प्रत महिनाअखेरपर्यंत पाठवावी.

आपला नम्र,
एक परीक्षक