निवृत्त घाटवाटा

सह्याद्रीच्या पायथ्यापासून माथ्यावर जाणाऱ्या ज्या जुन्या वाटांना आज निसर्गरम्य म्हटले जाते, त्या पाडणाऱ्यांना निसर्ग बघायला सवड नव्हती. कोकणातून वर जायचे ते मीठ आणि सुकी मासळी. बैलांच्या तांड्यामागून चालणाऱ्याचे लक्ष धबधब्यावर नसून बैलाच्या खुरावर असे, कारण खूर घसरला की मीठही गेले आणि बैलही.

यांतला सर्वांत नामांकित नाणेघाट. सातवाहनांच्या काळात जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याकडे जाणारा व्यापार येथून उतरे. माथ्याजवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात केलेले यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, हत्ती, घोडे व कार्षापणे यांची भलीमोठी यादी आहे. एवढा खर्च भागत कसा असेल, असा प्रश्न पडलेल्याने बाहेर यावे. तेथे एक दगडी रांजण ठेवलेला आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असे परंपरा सांगते. सुट्ट्या पैशांवरून तेव्हाही हुज्जत होत असणारच. लेखात तेवढे नोंदवायचे राहिले.

वाटेची चौकशी न करता घाटात शिरण्याचा इतिहासही जुना आहे. १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने मोठ्या फौजेनिशी कोकणात उतरू लागला. खाली उंबरखिंडीत शिवाजी महाराज आधीच येऊन थांबले होते. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. अखेर खंडणी देऊन खानाने सुटका करून घेतली. या वाटेवर आकारला गेलेला हा बहुधा सर्वांत महागडा टोल.

बोरघाटात गाडीरस्ता झाला १८३० मध्ये, गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत. रेल्वे आली १८६३ मध्ये. रेल्वेसाठीची वाट साहेबाला शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली, अशी लोककथा आहे. घाटातल्या त्याच्या देवळासमोर गाडीवाले आजही चालत्या गाडीतून नाणे टाकतात. जकात माफ झाली, हाताची सवय गेली नाही. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि घाईतली बरीचशी वाहने तिकडे वळली. रस्त्याला सौंदर्य येते ते असे, त्याचे काम दुसऱ्याकडे गेल्यावर.

भोरहून महाडला उतरणारा वरंध घाट मात्र काम करता करताच देखणा राहिला आहे. वाघजाईच्या देवळापाशी गाड्या थांबतात. कारण देवी हे सांगितले जाते, पण हातात भजी दिसतात. शेजारी माकडे बसलेली असतात. त्यांचे कारण भजी हेच असते आणि ते ती लपवत नाहीत. पायथ्याशी शिवथरघळ आहे. समर्थ रामदासांनी दासबोध तेथे सांगितला, अशी श्रद्धा आहे. घळ किती लांब, असे विचारल्यास, "हे काय, पुढच्या वळणावर," असे उत्तर मिळते. घाटात पुढे वळण असतेच, त्यामुळे हे उत्तर कोणालाही खोटे ठरवता आलेले नाही.

पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि वरंध घाटातली वाहतूक अनेकदा बंद ठेवली जाते. निघण्यापूर्वी रस्ता चालू आहे की नाही, याची भोर किंवा महाडला चौकशी करावी.